तिसऱ्या अल्बमचा नवस

करंजवाडीच्या सोमनाथराव रेणुशांनी एकोणीस वर्षं पायात चप्पल घातली नव्हती, आणि एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं उत्तम चाललं होतं.

वेल्ह्यापासून चार किलोमीटरवरच्या ह्या गावच्या हायस्कुलात ते मुख्य लिपिक. मुख्य लिपिक हा असा हुद्दा आहे की त्याला मुख्याध्यापक घाबरतात आणि बाकी जग ओळखत नाही. पण सोमनाथरावांना अर्धा तालुका ओळखायचा, तोही तोंडावरून नव्हे, पायांवरून. एसटीत शिरले की लोक आधी खाली बघत आणि मग उठून जागा देत. जत्रेत पहिला नारळ त्यांच्या हातून फुटे. पंचक्रोशीत लग्न निघालं की मांडवाच्या दारातल्या चपला राखायला त्यांना मानानं बोलावत. ज्याला चपलेचा मोहच उरला नाही त्याच्या ताब्यात चपला सुखरूप, असा त्यामागचा विचार. सोमनाथरावांनी आजवर दीडेकशे लग्नं राखली. नवरा-नवरी मात्र एकाही लग्नातले पाहिले नाहीत.

नवस कशासाठी बोललाय, हे कुणी विचारत नसे. नवस फळेपर्यंत सांगायचा नसतो, सांगितला की उतरतो, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे लोकांनी न विचारता आपापली उत्तरं काढून ठेवली होती. कुणी म्हणे रस्त्यासाठी, कुणी म्हणे गडासाठी, आणि ज्यांचं स्वतःचं काही अडलं होतं ते म्हणत, आपल्या सगळ्यांसाठीच की. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. एक गावदेवी, आणि दुसरा भोरचा याकूब. पैकी गावदेवीच्या बोलण्याची भीती नव्हती.

खरं कारण असं होतं की ‘कातळ’ नावाच्या पुण्याच्या रॉक बँडचा तिसरा अल्बम यायचा राहिला होता.

आता ‘कातळ’ म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण ज्यांना ते माहीत आहे अशी माणसं सोमनाथरावांच्या मोजणीनुसार पुणे जिल्ह्यात पन्नासच्या आत आहेत. लांब केसांची चार पोरं, दोन गिटारी, एक ड्रमचा ढिगारा, आणि अशोक नावाचा एक गायक. ह्याचा गळा गाण्यासाठी नव्हे तर दरड कोसळल्याची वर्दी देण्यासाठी घडवलेला असावा. ‘सुरुंग’ ही पहिली कॅसेट आणि ‘दुसरा सुरुंग’ ही दुसरी. ‘फ्यूज’ ह्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ‘गेला’ हा एकच शब्द एकेचाळीस वेळा आहे. सोमनाथ आणि याकूब पुण्याला कॉलेजात असताना एका खोलीत राहत. त्यांनी ते गाणं इतक्यांदा ऐकलं की खालच्या मजल्यावरच्या मालकांनी एकदा खरोखरच फ्यूज काढून नेला होता.

पुढं दोघं गावी परतले. याकूब वडलांच्या चपलांच्या दुकानात बसला, सोमनाथ शाळेत लागला. आणि दोन हजार सहा साली एके दिवशी पेपराच्या आतल्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या शेजारी, ‘कातळ’ फुटल्याची तीन ओळींची बातमी आली. सोमनाथ ती घेऊन भोरला दुकानात गेला. तिथं याकूबच्या समोर त्यानं पायातला जोड काढून ठेवला आणि म्हणाला, ‘कातळ’चा तिसरा अल्बम येईपर्यंत पायात काही घालणार नाही. दुसऱ्या दिवशी गावदेवीपुढं नारळ ठेवून तेच म्हणाला, कारण नुसत्या चपलांच्या दुकानात बोललेला नवस टिकत नाही.

याकूबला वाटलं, आठ दिवसांत येईल परत. त्यानं तो आठ नंबरचा जोड पुसून वरच्या फळीवर ठेवला. चपलांच्या दुकानदाराचा सख्खा मित्र अनवाणी फिरतो म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणत असेल? याकूबनं ते एकोणीस वर्षं ऐकून घेतलं. दोस्ती निभावणं म्हणतात ते हे.

ह्या सगळ्याची झळ लागली ती तिसऱ्याच माणसाला. नवसानंतर दोन वर्षांनी सोमनाथरावांचं लग्न झालं. प्रेरणा माहेरची कामथडीची. लग्नात मुलीकडच्यांना जावयाच्या पायांचं फार कौतुक वाटलं. पण कामथडीला तिची एक मावशी आहे, तिनं विचार केला. एकट्या पोरानं बोललेला नवस बायकोसाठीच असणार. मग बायको घरात आली तरी पाय उघडेच कसे? ह्याचा अर्थ जशी मागितली तशी मिळाली नाही. मावशीनं हा निष्कर्ष स्वतःजवळ ठेवला नाही, आणि प्रेरणानं तो एकदा ऐकल्यावर तिला टाकता आला नाही. ती भांडकुदळ नव्हती. पण सतरा वर्षांत जेव्हा जेव्हा भांडण झालं तेव्हा ते एकाच वाक्यावर संपलं: “तर मग घाला की एकदा चप्पल.”

सोमनाथरावांनी एकदा खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तिनंच त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “सांगू नका. फळू दे आधी.” असा हात ठेवणाऱ्या बाईला, मागितलंय ते तुझ्यापेक्षा वरचढ काही नसून एक कॅसेट आहे, हे कसं सांगायचं, हा प्रश्न नवस मोडण्याच्या भीतीहून मोठा होता. त्यांनी तो सुटसुटीतपणे पुढं ढकलला.

एरवी संसार गोडीचा होता. उदाहरण द्यायचं तर आंब्यांचं. दर मे महिन्यात कामथडीहून रायवळ आंब्यांची पाटी येई. प्रेरणाला आंबा आवडत नाही हे सोमनाथरावांनी पहिल्याच उन्हाळ्यात हेरलं होतं, आणि बायकोची आवडनिवड जपणारा नवरा ह्या नात्यानं ते तिच्या वाटचे आंबेही स्वतः संपवीत. आंब्यावरून कधी शब्दाला शब्द म्हणून लागला नाही.

तर मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळेच्या कार्यालयात फोन वाजला. पलीकडे याकूब.

“सोम्या, बसलायस का?”

“बसलोय.”

“मग ऊठ.”

आणि सोमनाथराव खरंच उठले. ‘कातळ’ पुन्हा एकत्र आलं होतं. तिसरा अल्बम सोळा मेच्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता, मोबाईलवर. नाव ‘शांत’. पोरांनी नावात उपरोध केलाय, हे दोघांनी एकमेकांना लगेच सांगितलं. ज्यांच्या आधीच्या कॅसेटचं नाव ‘दुसरा सुरुंग’ आहे त्यांनी ‘शांत’ म्हणावं म्हणजे आत काय दारू ठासली असेल! खिडकीच्या काचांना त्या दिवशी आतून पुठ्ठे लावावेत काय, ह्यावरही थोडी चर्चा झाली.

बेत अगदी साधा होता. करंजवाडीत मोबाईलला रेंज मिळते ती फक्त देवळाच्या आवारात. शुक्रवारी अकराला दोघांनी देवळामागच्या चाफ्याखाली बसायचं, इयरफोनचं एकेक बोंडूक एकेकाच्या कानात घालून अल्बम ऐकायचा, एकानं दुसऱ्याच्या आधी ऐकायचा नाही. मग याकूबनं आणलेला जोड पायात घालून गुपचूप घरी यायचं. प्रेरणाला काय सांगायचं ते वाटेत सुचेल.

घोडं अडलं ते रजेच्या अर्जावर. सुट्टी पोरांना असते, लिपिकाला नसते. सोमनाथरावांनी ‘वैयक्तिक कामाकरिता’ एक दिवसाची किरकोळ रजा मागितली. मुख्याध्यापक कुमार सर माणूस भला. त्यांनी अर्ज परत पाठवला, वर लाल शाईत शेरा: ‘कारण सविस्तर लिहावे.’ हा शेरा सोमनाथरावांचाच. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या अर्जावर गेली एकोणीस वर्षं ते तो लिहून घेत आले होते, आणि कुमार सरांना बिचाऱ्यांना वाटत होतं की हा कायदाच आहे. आता स्वतःच्या कायद्याशी भांडायचं कुणी? सोमनाथरावांनी खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं: ‘एकोणीस वर्षांपूर्वी बोललेला नवस फळल्यामुळे तो फेडण्याकरिता.’

अर्ज दुपारी तीनला मंजूर झाला. साडेचारला गावाला माहीत झालं. पाच वाजता ज्ञानूतात्या दारात उभे.

ज्ञानूतात्या म्हणजे शेजारी. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. त्यामुळे समोरचा माणूस कुठं उतरणार आणि त्याला कुठं उतरवायचं हे ते ठरवूनच बोलत.

“सोमनाथ, फळला म्हनं.”

“व्हय, तात्या. शुक्रवारी जाईन देवळात, उदबत्ती लावीन आणि येईन.”

“उदबत्ती?” तात्या ओट्यावर बसले. “असा फिटत न्हाई नवस. द्येवीपुढं उभं ऱ्हायाचं, गाव गोळा करायचा आन् काय बोल्लो हुतो ते मोठ्यांदा सांगायचं. न्हाईतर निम्माच फिटतो. मंग एकाच पायात घाल चप्पल.”

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो थांबला. सोमनाथरावांनी ते थांबणं ऐकलं. तात्या पुढं बराच वेळ बोलत होते, पण त्यातलं काही सोमनाथरावांच्या ध्यानात राहिलं नाही. तात्या उठून गेल्यावर भाकरी पुन्हा सुरू झाली. रात्री जेवताना प्रेरणानं एवढंच विचारलं, की शुक्रवारी कुठलं लुगडं नेसू. नेसायचंय म्हणजे ती पहिल्या ओळीत बसणार होती.

त्यानंतरचे दहा दिवस सोमनाथरावांच्या हातात काही राहिलं नाही. सरपंच फुलाबाईंनी सूत्रं घेतली. फुलाबाई कर्तबगार बाई. नळपाणी योजना आठ वर्षं लोंबकळत होती, ती त्यांच्या कारकिर्दीत नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली. पाणी येणं आणि नवस फळणं एकाच आठवड्यात म्हटल्यावर उघडच होतं. त्या घरी आल्या, चहा घेतला, आणि जाताना म्हणाल्या, “भाऊसायेब, पान्यासाठी येवढं सोसलंत. आमी इसरनार न्हाई.” सोमनाथराव नाही म्हणणार तेवढ्यात त्या गेल्या. पाठोपाठ तात्यांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की पाण्याचं नाव घेऊ नकोस, बाई निवडणुकीला वापरतील. तू मुक्कामी एसटी परत सुरू व्हावी म्हणून बोलला होतास, तीही चैत्रात सुरू झालीच की. कुमार सरांचं म्हणणं भीत भीत, पण तेही होतं: शाळेला नववी-दहावीची मान्यता मिळाली ती दोन हजार सात साली. ती तेव्हाच मिळाली, मग नवस तेव्हाच का फिटला नाही, असं सोमनाथरावांनी विचारल्यावर सर म्हणाले, लेखी आदेश उशिरा आला.

एकंदरीत, सोमनाथराव काय बोलले होते हे सोडून ते काय बोलले असावेत ह्यावर गावात तीन पक्ष झाले.

फ्लेक्स लागला. ‘अनवाणी तपस्वी’ असं वर, खाली सोमनाथरावांचा फोटो. फोटोग्राफरनं चेहऱ्याचा एक आणि पायांचे अकरा काढले. छापताना जागेची अडचण झाली म्हणून चेहरा पासपोर्टएवढा आणि पाय सहा फुटांचे आले. टाचांच्या भेगा इतक्या स्पष्ट होत्या की वेल्ह्याहून येणाऱ्या एका पाहुण्यांना तो तालुक्याचा नकाशा वाटला.

मग शास्त्रार्थ निघाला. नवस देवीपुढं फेडायचा, पण देवीपुढं चप्पल घालायची कशी? आवारात तर सगळे काढून येतात. दोन दिवस खल झाल्यावर तात्यांनी तोड काढली. मांडव आवाराच्या पायरीला लावून बाहेर घालायचा. माणूस मांडवात, देवी गाभाऱ्यात, दार उघडं, नजरानजर होते. सुतळीनं मापून झालं. सगळ्यांचं समाधान झालं, एकट्या सोमनाथरावांना घाम फुटला, कारण रेंज पायरीच्या आतच संपते. म्हणजे चप्पल बाहेर, अल्बम आत. त्यांनी हळूच मांडववाल्याला विचारलं, तुमच्या स्पीकरची वायर किती लांब आहे? मांडववाला म्हणाला, भाऊसाहेब, तुमच्यासाठी भोरपर्यंत ओढतो.

शुक्रवारी साडेदहालाच मांडव भरला. प्रेरणा पहिल्या ओळीत, मोरपंखी लुगडं, आणि मांडीवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत. सोमनाथराव मंचावर. मोबाईल खिशात, आणि खिशातल्या मोबाईलला रेंज नाही.

अकराला पाच कमी असताना याकूब आला. हातात जुन्या पेपरात बांधलेला जोड. पण चेहरा असा, की दहाव्याला आल्यासारखा. सोमनाथरावांना वाटलं, भरून आलं असेल. एकोणीस वर्षं फळीवर जोड ठेवणं सोपं नाही. याकूब गर्दी रेटत मंचापर्यंत पोचला.

“सोम्या, आदी माजं ऐक.”

“नंतर.”

“नंतर न्हाई. नसरापूरला गाडीत हवा भरायला थांबलो हुतो. फोनवर दिसला. पोरांनी येळ चुकवून सकाळीच टाकलाय. म्या...”

एवढ्यात फुलाबाईंनी माईकवरून, पादत्राणांचे मानकरी याकूबभाई ह्यांचा सत्कार, असं पुकारलं. याकूबच्या गळ्यात हार पडला, हातात नारळ आला, आणि त्याला उचलून पलीकडच्या खुर्चीत बसवण्यात आलं. तिथून तो सोमनाथरावांकडे बघत नकारार्थी मान हलवत राहिला. दोस्तानं आधी ऐकून वचन मोडल्याची ही लाज असावी, असं सोमनाथरावांनी धरलं आणि मोठ्या मनानं त्याला माफ केलं.

अकरा वाजले. अकरा वाजता पाण्यावर भाषण चालू होतं. सव्वाअकरालाही पाण्यावरच. बाराला तात्या एसटीवर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पुणे-वेल्हे मार्गावरचे सगळे थांबे नावानिशी घेतले. जगात कुठंतरी पन्नास माणसं ह्या घटकेला ‘कातळ’चं नवं गाणं ऐकत होती आणि जो एकोणीस वर्षं डांबरावर भाजला तो एसटीचे थांबे ऐकत होता. पावणेएकला फुलाबाईंनी माईक सोमनाथरावांच्या हातात दिला आणि कानात म्हणाल्या, “पानी.” दुसऱ्या कानाशी तात्या होतेच.

सोमनाथरावांनी उघड्या दारातून देवीकडे पाहिलं. देवी अशा वेळी काही सांगत नाही. मग त्यांनी पहिल्या ओळीकडे पाहिलं. पदराचं टोक थांबलं होतं. प्रेरणा त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात नळपाणी नव्हतं, एसटी नव्हती. सतरा वर्षं एक प्रश्न विचारायचा नाही म्हणून तोंडावर ठेवलेला हात तेवढा होता. सोमनाथरावांना पाणी म्हणणं सोपं होतं. गावानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण हे पाणी त्या बाईच्या गळी उतरलं नसतं.

“हा नवस,” ते म्हणाले, “पाण्याचा नव्हता. एसटीचा नव्हता. बायकोचा तर नव्हताच. तिच्या आधीपासूनचा आहे, आणि तिच्यात काही कमी होतं म्हणून राहिला नाही. तो गाण्याच्या एका कॅसेटचा होता. ती आज आली.”

मांडवात मागं कुणाचं तरी पोर रडत होतं, तेही थांबलं. फुलाबाई पाण्याच्या घोटाला ठसकाव्यात तशा ठसकल्या. शेवटी ज्ञानूतात्यांनी, तीस वर्षांच्या सवयीनं, गाडी पुढं काढली.

“कंच्या म्हाराजांची?”

“महाराजांची नाही. चार पोरं आहेत. पुण्याची.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. एकजण म्हणाला, कॅसेटीपायी? दुसरा म्हणाला, आपून पाया पडलो की राव ह्यांच्या. हसू मांडवाच्या एका कोपऱ्यातून निघून पुढं सरकायला लागलं. दीडेकशे लग्नांची अब्रू आता त्याच मांडवाच्या दारात चपलांसारखी पडणार, हे सोमनाथरावांना दिसत होतं. प्रेरणाकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

“मंग ऐकवा तरी,” तात्या म्हणाले. “गावाला कळू दे, पाय कशावर भाजलं त्ये.”

सोमनाथरावांनी मोबाईल खिशातून काढला. पहिलंच गाणं सुरू झालं, अशोकनं गळा फोडला, की संपलं. पण दुसरीकडे, एकोणीस वर्षांनंतर, भर मांडवात, चार स्पीकरवर ‘कातळ’! भीती आणि आनंद ह्यांची इतकी सरमिसळ त्यांच्या आयुष्यात आधी एकदाच झाली होती, बोहल्यावर. मांडववाल्यानं वायर पायरीवरून आत नेली. मोबाईल गाभाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवला. याकूबनं डोळे मिटून घेतले.

आणि बासरी वाजली.

सोमनाथराव ड्रमची वाट बघत राहिले. बासरीच्या मागून संथ तंबोरा आला. त्यामागून अशोक आला, आणि तो ओरडला नाही. तो आता साठीला आला होता. पहाटे नातवाला जोजवावं तशा आवाजात तो ओलं गवत, दव, गुरांच्या घंटा असं काहीबाही म्हणत होता. दुसरं गाणं त्याहून हळू. तिसऱ्यात तर चक्क कोकिळा होती. एकही काच हलली नाही. ‘शांत’ ह्या नावात काही उपरोध नव्हता. पोरांना खरोखरच शांत वाटत होतं.

मांडवातलं हसू कुठं विरलं ते कळलं नाही. बायाबापड्यांनी डोळे मिटले. माना डुलायला लागल्या. पाचव्या गाण्याला पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या आजीनं डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, “येवढं ग्वाड गानं. म्हनून पाय भाजून घेतलं गं लेकरानं.” हे वाक्य ओळीओळीनं मागं गेलं आणि परत येताना वाढून आलं. भाऊसाहेबांना आधीच ठाऊक होतं असं काही येणार म्हणून. नुसती कॅसेट नव्हे, साधना. फुलाबाईंनी ते हेरलं, पाण्याचा विषय तिथंच सोडला, आणि जाहीर केलं की ही गाणी पेनड्राईव्हवर घेऊन रोज पहाटे देवळाच्या भोंग्यावर लावण्यात येतील.

टाळ्या झाल्या. लोक पाया पडायला रांगेत उभे राहिले. सोमनाथराव कातळासारखे उभे होते. ‘कातळ’नं एक तरी आरोळी ठोकली असती तर गावानं हसून हाकललं असतं, आणि त्यांनी सुखानं हाकलून घेतलं असतं. बँडनं दगा दिला म्हणून अब्रू वाचली. अशी वाचलेली अब्रू कुठं ठेवायची हे कुणी सांगत नाही.

“म्हनून सांगत हुतो, आदी ऐक,” याकूब खाली बसून पेपर सोडत म्हणाला. “म्या नसरापूरला धा मिंटं गाडीतच बसून ऱ्हायलो. हवा भरायची इसरलो.”

राहिली चप्पल. आठ नंबरचा जोड फळीवर एकोणीस वर्षं वाळून लाकूड झाला होता, आणि अनवाणी चालून चालून पाय पसरून दहा नंबरचा झाला होता. याकूबनं देवीच्या समईतलं तेल मागून पट्ट्यांना लावलं. एका बाजूनं याकूब, दुसऱ्या बाजूनं तात्या, असं करून दोन्ही पाय एकदाचे आत गेले. बाहेर निघतील की नाही ह्यावर त्या वेळी कुणी विचार केला नाही. सोमनाथराव मांडवातून घराकडे निघाले ते पाऊल टाकीत नव्हते, पाऊल पोचवीत होते.

वाटेत त्यांनी ठरवलं. हा तिसरा अल्बम म्हणून धरायचाच नाही. खरा तिसरा, सुरुंगासारखा, येईपर्यंत पुन्हा नवस. उंबऱ्यापाशी येऊन ते वाकले, हात पट्ट्याला लावला, आणि आत नजर गेली.

प्रेरणा मोरपंखी लुगड्यातच जमिनीवर बसली होती. मांडीशी कामथडीची पाटी. ती आंबा खात होती. कापून नव्हे, चोळून, चोखून. कोपरापर्यंत रस ओघळला होता आणि पुढं चार कोया चाटून ठेवलेल्या होत्या.

“तुला आंबा आवडत नाही ना?” सोमनाथराव वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“सतरा वर्षं खाल्ला नाहीस.”

“पहिल्याच उन्हाळ्यात देवीपुढं बोलले होते. ह्या माणसाच्या पायात चप्पल येईपर्यंत आंबा खाणार नाही.” तिनं पुढचा आंबा हातात घेतला. “मला काय माहीत, ते चार पोरांच्या हातात आहे.”

“मला सांगायचंस तरी.”

“सांगितला की उतरतो.” मग तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. पट्ट्यावरच्या. “काय करताय?”

सोमनाथरावांनी पाटीकडे पाहिलं. त्यांनी मनातल्या मनात सतरा उन्हाळ्यांचे, दोन्ही वाट्यांचे आंबे मोजायला घेतले, आणि लगेच सोडून दिले. काही आकडे कारकुनानंही काढू नयेत.

“पट्टा घट्ट करतोय,” ते म्हणाले.

ती हसायला लागली. कॅसेट, ती म्हणाली, कॅसेट, आणि परत हसली, इतकी की रस लुगड्यावर सांडला. हसता हसता तिनं पुसले ते डोळे होते की गाल, हे सोमनाथरावांना उंबऱ्यावरून नीट दिसलं नाही. तिनं पाटी त्यांच्याकडे सरकवली. मग काही विचार करून परत ओढून घेतली.

सोमवारी पहाटे देवळाच्या भोंग्यावर बासरी वाजली. सोमनाथराव कानात कापूस घालून उठले आणि वेळेवर शाळेला निघाले. जोड चावत होता. डाव्या करंगळीला फोड, उजव्या टाचेला सालटं, आणि काढायची सोय नाही, कारण पाटीत अजून आंबे होते. एकोणीस वर्षं काट्याकुट्यांतून ताठ चाललेला माणूस पायात चप्पल आल्यावर लंगडत चालला होता.

ज्ञानूतात्या ओट्यावर दात घासत होते. त्यांनी ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाहिली आणि चूळ भरली.

“सोमनाथ, ह्यो लंगडायचा कशासाठी बोल्लास?”

सोमनाथराव थांबले. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग घराकडे एकदा वळून पाहिलं.

“फळेपर्यंत सांगायचा नसतो, तात्या,” ते म्हणाले आणि पुढं निघाले.

संध्याकाळी वेल्ह्याच्या एसटीत लोकांनी आधी त्यांच्या लंगडत्या पायांकडे बघितलं, आणि त्यांना पुन्हा पुढची जागा मिळाली.